पैसा बोटांना ओळखता आला पाहिजे

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
आणि
मा. सचिव, आर्थिक व्यवहार विभाग, वित्त मंत्रालय, नवी दिल्ली



हे पत्र व्याजदराबद्दल नाही आणि महागाईबद्दलही नाही. रोज कोट्यवधी हातांतून फिरणाऱ्या एका वस्तूबद्दल आहे, आणि ती वस्तू आपल्या दोघांच्या संमतीने घडते. नोटांचा आराखडा रिझर्व्ह बँकेचे केंद्रीय मंडळ सुचवते आणि केंद्र सरकार मंजूर करते, असे रिझर्व्ह बँक कायद्याचे २५ वे कलम सांगते. नाणी २०११ च्या नाणे कायद्यानुसार सरकार पाडते आणि रिझर्व्ह बँक ती लोकांपर्यंत पोचवते. म्हणून पत्र दोघांच्या नावे लिहीत आहे.

मिक्सर नीट चालेना तर माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा घेतो. चप्पल चावली तर बदलून आणतो. नोटेच्या आणि नाण्याच्या बाबतीत ही सोय कुणालाच नाही. दुसऱ्या कंपनीची नोट मिळत नाही. त्यामुळे तिच्या घडणीत काही उणे राहिले, तर ते साऱ्या देशाला सोसावे लागते, आणि ज्यांना ती डोळ्यांनी ओळखता येत नाही त्यांना सगळ्यांत जास्त. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोषाची नोंद झालेल्या भारतीयांची संख्या सुमारे ५० लाख होती. मोतीबिंदू पिकत आलेले आजीआजोबा, चष्मा घरी विसरलेले आणि अंधारात पैसे मोजणारे यांची गणती त्यात नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपण नोटा-नाण्यांची मालिका घडवता, पण माणूस वापरतो तो गल्ला. गल्ल्यात नवी मालिका असते, तिच्या आधीची असते आणि त्याच्याही आधीची असते, सगळी एकत्र. नवी मालिका कागदावर कितीही सुसंगत असली तरी ती जुन्यांत मिसळल्यावर काय होते, ते पाहिल्याशिवाय ती चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. आजवर हे पुरेसे पाहिले गेलेले नाही, आणि त्याचा पुरावा मिलिमीटरमध्ये मोजता येतो.

आधी हात पैसा कसा ओळखतो ते पाहू. दिवेलागणीला कुठल्याही गावच्या बाजारात भाजीवालीजवळ दोन मिनिटे उभे राहा. तिची नजर काट्यावर आणि गिऱ्हाइकावर असते, हात मात्र मांडीखालच्या पिशवीत गेलेला असतो. आतल्या आत चिल्लर चाचपून ती पाच रुपये बाजूला काढते, दोनाचे एक नाणे वर घेते आणि हात बाहेर येतो तेव्हा हिशेब पुरा झालेला असतो. गर्दीच्या एसटीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने सुट्टे देणारा वाहकही तेच करतो. त्यांना दिसत नाही असे नाही. पण कामाच्या घाईत डोळे दुसरीकडे गुंतलेले असतात आणि पैशाची जबाबदारी बोटांवर असते.

मुंबईच्या लोकलमध्ये कार्डाची पाकिटे, पेने, कंगवे विकणारे दृष्टिहीन विक्रेते बोटांवरच सारा धंदा चालवतात. नोट हातात आली की ते तिची एक कड बोटांच्या बेचक्यात टेकवतात आणि दुसरी कड बोटाच्या कोणत्या पेरापर्यंत पोचते ते पाहतात. मग कडेवरून अंगठा फिरवतात. तेवढ्यात पुढचे स्टेशन येते, गिऱ्हाईक दाराकडे सरकते आणि निर्णय त्या क्षणात घ्यावा लागतो. त्या अंगठ्याला काय सापडते, हा या पत्राचा विषय आहे.

आपल्याच टाकसाळींना ही गोष्ट एकेकाळी चांगली ठाऊक होती. १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हा पाच नव्या पैशांचे नाणे चौकोनी केले गेले. दोन आणि दहा पैशांच्या कडा फुलासारख्या कातरलेल्या होत्या. पुढे १९६४ मध्ये तीन पैशांचे षटकोनी नाणे आले आणि १९८०च्या दशकात वीस पैशांचेही षटकोनीच. अॅल्युमिनियमची ती हलकी चिल्लर स्वस्त होती, पण तिच्यात गोंधळ नव्हता. अक्षरओळख नसलेला म्हाताराही चौकोन म्हणजे पाच पैसे हे जाणत होता. नव्वदच्या दशकातल्या दोन रुपयांच्या नाण्याला अकरा कोन होते. त्या काळचे पाच रुपयांचे नाणे नऊ ग्रॅम वजनाचे आणि इतके जाड होते, की मूठभर चिल्लरीतून ते निवडायला डोळे उघडावे लागत नसत.

मग हळूहळू सगळे गोल झाले. २००५ च्या सुमारास दोन रुपयांच्या नाण्याचे कोन गेले. रुपया आणि दोन रुपये हे दोन्ही गोल, दोन्ही पोलादी आणि व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक, अशी स्थिती आली. २००७ मध्ये हस्तमुद्रांची नाणी निघाली. रुपयावर वर केलेला अंगठा, दोनावर दोन बोटे. चित्र म्हणून कल्पना सुरेख होती, पण चित्र डोळ्यांसाठी असते. ज्या बोटांसाठी नाण्याचा घाट हवा होता, त्या बोटांना त्या मुद्रांचा काही उपयोग नव्हता.

यानंतर जे झाले ते कृपया सावकाश वाचावे. २०११ मध्ये नव्या रुपयाच्या चिन्हासह नवी नाणी आली आणि आकार घटले. धातूचा भाव वाढला की नाणे लहान करावे लागते, हे कारण खरे आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण आकार कसे घटले? तोपर्यंत बावीस मिलिमीटर व्यास आठ आण्यांचा होता, तो रुपयाला मिळाला. पंचवीस मिलिमीटर व्यास वीस वर्षे रुपयाचा होता, तो दोन रुपयांना मिळाला, आणि वजनही जवळजवळ जुन्या रुपयाएवढेच. म्हणजे या दोन्ही नाण्यांनी आपापल्या खालच्या नाण्याचे माप उचलले. जुनी नाणी बाद केली नव्हती, ती तशीच फिरत राहिली. एकाच मापाचे, एकाच रंगाचे, जवळपास एकाच वजनाचे पोलादी नाणे गल्ल्यात कधी एक रुपया होते, कधी दोन.

२०१९ मध्ये पुन्हा नवी मालिका आली, आणि ती दृष्टिहीनांना सोयीची व्हावी असा स्पष्ट हेतू तिच्यामागे होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची तिला मदत झाली. पंतप्रधानांनी ती जाहीर केली तेव्हा दृष्टिहीन मुलांना समारंभाला बोलावले होते. वीस रुपयांच्या नाण्याला बारा बाजू दिल्या. किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढेल, हा नियम ठरवला. हे पाऊल योग्य होते आणि त्याबद्दल मनापासून आभार मानतो. पण त्या मालिकेतले पाच रुपयांचे नाणे किती व्यासाचे आहे? पंचवीस मिलिमीटर. आणि दोन रुपयांचे? तेवीस मिलिमीटर, म्हणजे आधीच्या पाच रुपयांएवढे.

पंचवीस मिलिमीटरचे गोल नाणे आज रुपया असू शकते, दोन रुपये असू शकते किंवा पाच रुपये असू शकते. डोळसांना पाचाचा पिवळा रंग वाचवतो. वजनाचाही फरक आहे, पण एकेकटे नाणे हातावर तोलून पाहायला वेळ आणि सराव दोन्ही लागतात. घाट एक आणि किमती तीन, ही गोष्ट कोणत्याही एका मालिकेत शोधली तर सापडणार नाही. १९९२ ची मालिका तपासा, २०११ ची तपासा, २०१९ ची तपासा, प्रत्येक आपापल्या जागी ठीक आहे. तिन्ही एकत्र ओतल्या की मगच दोष दिसतो, आणि लोकांच्या हातात त्या एकत्र ओतलेल्याच असतात.

हे फक्त स्पर्शापुरते नाही, विश्वासापुरतेही आहे. दहा रुपयांच्या नाण्याबद्दल अफवा पसरल्या आणि ठिकठिकाणी दुकानदार ते घेईनासे झाले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले, की दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार खरे आहेत. चौदा! सामान्य माणसाने चौदा चेहऱ्यांतून खरेखोटे कसे ओळखावे? आपण पत्रक काढलेत हे बरे केले. पण ज्या वस्तूवर लोकांचा विश्वास तिच्या ओळखीतून बसतो, तिची ओळखच वारंवार बदलली तर पत्रके किती पुरणार?

आता नोटांकडे वळतो, कारण तिथे चूक झाली तर ती रुपया-दोन रुपयांची नसते.

नोव्हेंबर २०१६ च्या आधी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७ आणि हजाराची १७७. प्रत्येक पायरीला दहा मिलिमीटर. सरावलेल्या बोटाला एवढा फरक बेचक्यातच कळतो. त्यानंतरच्या नव्या मालिकेत दहाची नोट १२३ मिलिमीटर लांब आहे, वीसची १२९, पन्नासची १३५, शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. दहा आणि वीस यांची रुंदी ६३, बाकी सगळ्यांची ६६.

या आकड्यांतल्या पायऱ्या मोजून पाहा. दहा ते वीस सहा मिलिमीटर, वीस ते पन्नास सहा, पन्नास ते शंभर सात. मग शंभर ते दोनशे चार आणि दोनशे ते पाचशेही चार. दहाऐवजी वीस दिले गेले तर दहा रुपये जातात. दोनशेऐवजी पाचशे दिले गेले तर तीनशे जातात, म्हणजे अनेकांची दिवसभराची कमाई. जिथे चूक सर्वांत महाग पडते, तिथेच ओळखीची खूण सर्वांत बारीक झाली आहे.

दोनशेच्या नोटेवर पाचशेची नोट ठेवा, डाव्या कडा नीट जुळवा आणि उजवीकडे पाहा. तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढी पट्टी बाहेर येईल. टेबलावर, दोन्ही नोटा कोऱ्या असताना आणि शेजारी शेजारी असताना ती दिसते. लोकलच्या दारात, हातात एकच नोट असताना आणि तिचा कोपरा दुमडलेला असताना ती दाण्याएवढी पट्टी कशी सापडावी?

आणि नोटांच्याही बाबतीत गल्ल्याचा प्रश्न आहेच. जुन्या मालिकेतली वीसची नोट आजही कायदेशीर चलन आहे. तिचे माप १४७ बाय ६३. नव्या दोनशेचे माप १४६ बाय ६६. लांबीत एक मिलिमीटर आणि रुंदीत तीन. एक वीस रुपयांची, दुसरी दोनशेची, आणि हाताला दोन्ही जवळपास सारख्या. दोनशेची नोट ऑगस्ट २०१७ मध्ये आली, तेव्हा पाचशेची आधीच १५० वर ठरलेली होती. मधल्या फटीत तिला बसवावे लागले, हे समजते. पण जुन्या वीसची आठवण त्या वेळी टेबलावर असती, तर हे माप निवडले गेले नसते असे मला वाटते.

रंगाने हा प्रश्न सुटतो का? डोळसांपुरता, दिवसाउजेडी, बऱ्याच अंशी सुटतो. पण वीसची हिरवट पिवळी आणि दोनशेची भडक पिवळी या छटा रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली एकमेकींच्या जवळ येतात. बाजार संध्याकाळी भरतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

आपण नोटांवर उठावाच्या खुणा दिल्या आहेत, त्यांची मला जाणीव आहे. शंभरावर त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेषा. दोनशेवर चार रेषांच्या मध्ये दोन वर्तुळे. पाचशेवर वर्तुळ आणि पाच रेषा. विचार चांगला आहे, आणि नाशिक रोडच्या मुद्रणालयातून नुकत्याच निघालेल्या नोटेवर त्या अंगठ्याला कळतातही. पण आपल्याकडची नोट जगते कशी? ती चार घड्या घालून कनवटीला लावली जाते. घामाने भिजते, पावसात ओली होते, साडीच्या टोकाला गाठ मारून बांधली जाते, गल्ल्यात इतर नोटांखाली दाबली जाते. नोटेचा कागद कापसाचा असतो. तो मऊ पडतो आणि शाईचा उठाव झिजून सपाट होतो. चार रेषा आणि पाच रेषा यांतला फरक मऊ पडलेल्या नोटेवर मोजून दाखवा, असे आपल्या अधिकाऱ्यांना डोळे मिटून करायला सांगावे. गरिबांच्या हातात येते ती बहुधा हीच मऊ पडलेली नोट.

जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मणी नावाचे अॅप काढले. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगते, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. अनेकांना त्याचा आधार झाला आहे, आणि ते काढणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. तरीही भर बाजारात एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी असलेल्या माणसाने फोन काढावा, नोट उलगडून धरावी, गोंगाटात आवाज ऐकावा आणि मागची रांग थोपवावी, ही तडजोड आहे. शिवाय आपल्याजवळ किती पैसे आहेत हे शेजारच्यालाही ऐकू जाते. वस्तूत राहिलेली उणीव भरून काढण्याचे काम माणसावर टाकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

कारण इथे पणाला लागते ती केवळ रक्कम नसते. पैसे स्वतः मोजता येणे हा प्रौढपणाचा भाग आहे. ज्याला नोट ओळखता येत नाही, त्याला प्रत्येक व्यवहारात समोरच्याला विचारावे लागते, "ही कितीची?" बहुतेक माणसे खरे सांगतात, आणि त्याबद्दल आपल्या समाजाचा अभिमानच वाटतो. पण कुणाच्या तरी प्रामाणिकपणावर रोज अवलंबून राहणे आणि स्वतःच्या हाताने खात्री करून घेणे यांत मोठे अंतर आहे. दृष्टी गेलेल्या वडिलांनी मुलाला न विचारता नातवाच्या हातावर शंभराची नोट ठेवावी, आणि ती शंभराचीच आहे हे त्यांना ठाऊक असावे, ही मागणी मोठी नाही.

नोटेवर आपण किती बारकाईने माणसांचा विचार करू शकता, हे तिच्या मागच्या बाजूला दिसते. पंधरा भाषांत तिची किंमत लिहिलेली असते, मराठी आणि कोंकणीसह. काश्मिरी वाचणाऱ्याचा आणि नेपाळी वाचणाऱ्याचाही मान त्या पट्टीत राखलेला आहे. त्या पट्टीमागे मूल्य आहे: हा पैसा प्रत्येकाचा आहे. पंधरा भाषांना जागा देणाऱ्या नोटेने बोटांना फक्त चार मिलिमीटर द्यावेत, हे त्या मूल्याला धरून नाही.

यावर येणारे आक्षेप मी टाळत नाही.

पहिला आक्षेप, आता सगळे यूपीआयवर आले, नोटांची चिंता कशाला? यूपीआयने अनेक दृष्टिहीनांचे व्यवहार खरोखर सोपे केले. पण रोख अजून संपलेली नाही, आणि जिथे ती उरली आहे तिथे वृद्ध, मजूर, फेरीवाले आणि फोनची सवय नसलेली माणसेच जास्त आहेत. ज्यांना सोयीची सर्वांत जास्त गरज आहे, तेच रोख वापरतात.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. माप बदलले की एटीएमचे कप्पे जुळवावे लागतात. नोव्हेंबर २०१६ नंतर दोन लाखांहून अधिक एटीएम नव्या मापांसाठी जुळवून घ्यावी लागली, त्याचा त्रास सगळ्यांनी पाहिला. पण तो त्रास घाईचा होता. आधी जाहीर करून, दोन-तीन वर्षांची मुदत देऊन बदल केला तर यंत्रे हळूहळू जुळवता येतात. आणि यंत्र जुळवता येते, माणसाचे बोट जुळवता येत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि सुरक्षेचा. बनावट नोटा रोखण्यासाठी मालिका बदलावी लागते, हे मान्य आहे. मग जी मालिका बदलणारच आहे, तिच्यात माप नीट ठरवायला वेगळा खर्च फारसा नाही. लागतो तो विचार, आणि तो वेळेवर लागतो.

हे जमते, याची उदाहरणे जगात आहेत. ब्रिटनमध्ये पाच पौंडांची नोट १२५ मिलिमीटर लांब आहे, दहाची १३२, वीसची १३९, पन्नासची १४६. प्रत्येक पायरीला सात, आणि रुंदीही दरवेळी चार मिलिमीटरने वाढते. तिथेच १९६९ मध्ये आलेल्या पन्नास पेन्सच्या नाण्याला सात बाजू आहेत. त्या बाजू किंचित फुगीर ठेवल्यामुळे नाणे कुठूनही मोजले तरी रुंदी सारखीच भरते. म्हणून ते यंत्रातही चालते आणि बोटांनाही लगेच कळते. ऑस्ट्रेलियात एका दृष्टिहीन शाळकरी मुलाने सह्यांची मोहीम काढली आणि २०१६ पासून तिथल्या नव्या नोटांवर उंचवटे आले: पाच डॉलरवर एक, दहावर दोन, वीसवर तीन, पुढे त्याच क्रमाने. अमेरिकेत मात्र सगळ्या नोटा एकाच मापाच्या राहिल्या आणि दृष्टिहीनांच्या संघटनेला न्यायालयात जावे लागले. २००८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडेही नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडला मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. वस्तू नीट घडवण्यासाठी लोकांना न्यायालयात जावे लागू नये. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना उत्तेजन देण्याचे कर्तव्य सरकारवर आधीच टाकलेले आहे. सरकार स्वतः घडवत असलेल्या वस्तूला तर ते सर्वांआधी लागू व्हायला हवे.

म्हणून माझ्या मागण्या मांडतो.

पहिली. एका किमतीने वापरलेले माप, ती नाणी किंवा नोटा चलनात असेपर्यंत, दुसऱ्या कोणत्याही किमतीला देऊ नका. हा नियम लिहून जाहीर करा. पंचवीस मिलिमीटरचा घोळ या एका ओळीने टळला असता.

दुसरी. पाचशेची नोट पुढच्या मालिकेत लांब करा. दोन हजारांची नोट १६६ मिलिमीटरची होती. मे २०२३ मध्ये ती चलनातून काढण्याचे जाहीर झाले, आणि १५० च्या पुढची जागा मोकळी झाली. जुन्या शंभराचे १५७ हे माप टाळून पाचशेची नोट १६० च्या आसपास नेता येईल. दोनशेची मात्र १४६ वरच राहू द्या. तिला रिकाम्या झालेल्या १५० वर आणू नका, नाहीतर हाच घोळ पुन्हा होईल.

तिसरी. ओळखीची खूण शाईच्या उठावावर सोपवू नका. नोट मऊ पडल्यावरही हाताला कळेल अशी खूण शोधा. घाट, कड, कोपरा, जे टिकेल ते. आपल्या देशात डिझाइनच्या संस्था आहेत, मुंबईत आयआयटीचे आयडीसी आहे. त्यांना हे कोडे घाला आणि त्यांच्याबरोबर दृष्टिहीन वापरकर्त्यांना मोबदला देऊन बसवा.

चौथी. जुन्या मापाचे रुपये आणि दोन रुपये बँकांत परत येतील तसे बाजूला काढा. ते बाद करण्याची गरज नाही, लोकांवर काही सक्ती नको. फक्त आलेले नाणे पुन्हा बाहेर पाठवू नका. काही वर्षांत गल्ला आपोआप स्वच्छ होईल.

पाचवी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. नवा आराखडा मंजूर होण्याआधी त्याची चाचणी वापरलेल्या पैशांत मिसळून घ्या. कोऱ्या नोटांची थप्पी आणि चकचकीत नाणी यांवर घेतलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. मळलेल्या, घडी पडलेल्या, ओल्या नोटांत नवी नोट टाका. चार मालिकांच्या चिल्लरीत नवे नाणे टाका. मग ती पिशवी भाजीवालीला द्या, एसटीच्या वाहकाला द्या, पंच्याहत्तरीच्या पेन्शनरला द्या, लोकलमधल्या दृष्टिहीन विक्रेत्याला द्या. किती जण किती वेळात बरोबर ओळखतात ते मोजा, आणि आकडे लोकांसमोर ठेवा. ते वाईट निघाले तर आराखडा परत पाठवा.

यातले काहीही अशक्य नाही. मुंबईची टाकसाळ रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे, नोटांचे मुद्रणालय नाशिक रोडला आहे. दृष्टिहीनांच्या संस्था याच शहरात काम करतात आणि बोलावल्यास येतील. हे सगळे एका टेबलाभोवती आणायला परदेशी सल्लागार लागत नाही.

पुढच्या मालिकेचा प्रस्ताव केव्हातरी केंद्रीय मंडळासमोर येईल आणि तिथून मंत्रालयात जाईल. त्यात सुरक्षाचिन्हे असतील, रंग असतील, मागच्या बाजूला कोणते शिल्प घ्यायचे याची चर्चा असेल, छपाईच्या खर्चाचे कोष्टक असेल. त्या फाइलीत आणखी एक पान असावे. हा पैसा सही होण्याआधी कोणी कोणी डोळे मिटून हाताळला, त्यांना तो ओळखता आला का, आणि नाही आला तर काय बदलले, एवढे त्या पानावर लिहिलेले असावे. ते पान नसेल तर प्रस्ताव अपुरा समजून परत पाठवावा, अशी आपणा दोघांना आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक नागरिक, मुंबई